उठावानंतर नेमलेल्या पंतप्रधानावर टिपण कसे लिहावे

वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या बाजूला आमचे एक लहानसे वाचनमंडळ भरते. महिन्यातून दोन शनिवारी कोणीतरी एक सभासद अर्ध्या तासाचे टिपण वाचतो आणि उरलेली संध्याकाळ चहात आणि वादात जाते. गेल्या काही वर्षांत माली, गिनी, बुर्किना फासो, नायजर आणि गॅबन या देशांत एकामागून एक लष्करी उठाव झाले, त्यामुळे लष्कराने नेमलेला पंतप्रधान हा विषय आमच्याकडे वारंवार येतो आणि दर वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो: माणूस कसा आहे? तो शिकलेला आहे का, हाताचा स्वच्छ आहे का, बाहेरच्या जगात त्याचे वजन किती? या प्रश्नाला जागा आहे, पण ती टिपणाच्या मध्यावर. आरंभी विचारायचा प्रश्न असा की, या माणसाला उद्या सकाळी घरी कोण पाठवू शकतो? या विषयावर प्रथमच लिहू पाहणाऱ्यांसाठी पुढील मजकूर आहे.

हे शहाणपण मला ठेच लागल्यावर आले. २०२१ च्या २५ ऑक्टोबरला सुदानमध्ये लष्करप्रमुख जनरल बुरहान यांनी सरकार बरखास्त केले आणि पंतप्रधान अब्दल्ला हमदोक यांना स्थानबद्ध केले. २१ नोव्हेंबरला त्याच बुरहान यांच्या सोबतीने चौदा कलमी करारावर सही करून हमदोक पुन्हा पदावर आले. तो समारंभ दूरचित्रवाणीवर पाहून मी घाईने टिपण लिहिले, त्यात ‘नागरी राजवट परतली’ असे एक ठसठशीत वाक्य घातले आणि ते वाचताना आवाजही थोडा चढवला. सहा आठवड्यांनी, २ जानेवारी २०२२ रोजी, हमदोक यांनी राजीनामा दिला. पुढच्या बैठकीत एका ज्येष्ठ काकांनी शांतपणे विचारले, “अहो, त्या चौदा कलमांपैकी तुम्ही किती वाचली होती?” मी एकही वाचले नव्हते.

लिहायला बसण्यापूर्वी शब्द निश्चित करावेत, कारण या विषयात निम्मा गोंधळ शब्दांचाच असतो. वर्तमानपत्रांत अशा पंतप्रधानाला कधी ‘हंगामी’, कधी ‘काळजीवाहू’ तर कधी ‘संक्रमणकालीन’ म्हटलेले दिसते. काळजीवाहू म्हणजे राजीनामा दिलेले किंवा मुदत संपलेले सरकार, जे नवे सरकार येईपर्यंत रोजचा कारभार पाहते. उठावानंतर बाहेरून आणून बसवलेल्या माणसाला हा शब्द लावू नये. जे त्याच्या हाती कधीच नव्हते त्याची तो काळजी वाहत नसतो. हंगामी हा शब्द चालेल, परंतु हंगाम किती दिवसांचा हे लगेच सांगावे. ‘उठाव’, ‘बंड’, ‘सत्तापालट’ आणि ‘क्रांती’ यांपैकी एक शब्द निवडावा आणि टिपणभर तोच वापरावा, कारण उठाव करणारे स्वतःला क्रांतिकारक म्हणवतात आणि पदच्युत झालेले त्यांना बंडखोर म्हणतात. आपण दोघांचेही शब्द आलटून पालटून वापरू लागलो की कोणाच्या बाजूने बोलत आहोत हे आपल्यालाच कळेनासे होते. १८५७ ला काय म्हणावे यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झालेला आहे, तेव्हा मराठी वाचकाला हे फार समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर घटनांची साखळी तारखांसह मांडावी. कोणी कोणाला हटवले, राज्यघटना स्थगित झाली की रद्द झाली, संसद विसर्जित झाली का, आणि नेमणुकीच्या आज्ञेवर सही कोणाची आहे, एवढे चार-पाच ओळींत यावे. उठावाची जाहीर केलेली कारणेही याच ठिकाणी नोंदवावीत, पण ती ‘त्यांच्या म्हणण्याप्रमाणे’ म्हणूनच. त्यावर स्वतःचे मत इथे देऊ नये.

आता मुख्य काम. नेमणुकीच्या कलमापेक्षा काढून टाकण्याचे कलम आधी शोधावे. थायलंडचे उदाहरण यासाठी सर्वांत सोयीचे आहे, कारण तिथे उठाव करणारे कागदपत्रे नीटनेटकी ठेवतात. १९ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात्र न्यूयॉर्कमध्ये असताना लष्करप्रमुख जनरल सोन्थी यांनी सत्ता घेतली. १ ऑक्टोबरला अंतरिम राज्यघटना जारी झाली आणि त्याच दिवशी निवृत्त जनरल सुरायुद चुलानोन पंतप्रधान झाले. सुरायुद राजाच्या सल्लागार मंडळाचे सदस्य होते, त्यांची प्रतिष्ठा मोठी होती, आणि नेमणूक राजाज्ञेने झाली होती. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की राजाने नेमले. परंतु त्या अंतरिम घटनेचे चौदावे कलम पाहिले तर पंतप्रधानाला पदावरून दूर करण्याचा सल्ला राजाला देण्याचा अधिकार उठाव करणाऱ्या परिषदेच्या अध्यक्षाकडे ठेवलेला दिसतो. हे एक कलम वाचले की पुढच्या सोळा महिन्यांच्या कारभाराची मर्यादा लक्षात येते.

पाकिस्तानातील मोहम्मद खान जुनेजो यांचे प्रकरण याच दृष्टीने वाचण्यासारखे आहे. झिया उल हक यांनी १९८५ मध्ये पक्षविरहित निवडणुका घेऊन त्यांना पंतप्रधान नेमले. त्याच वर्षी, त्यांच्याच संसदेने मंजूर केलेल्या आठव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रीय सभा बरखास्त करण्याचा अधिकार अध्यक्षांच्या, म्हणजे झियांच्याच, हाती आला. जुनेजो हळूहळू स्वतःच्या मताने वागू लागले, आणि २९ मे १९८८ रोजी परदेश दौऱ्यावरून परतताच ते पंतप्रधान राहिलेले नव्हते. ज्या दोराने पुढे बांधले गेले तो वळताना तेही हजर होते, आणि अशी ओळ टिपणात असली की ऐकणारे सरसावून बसतात.

वडोदऱ्याच्या श्रोत्यांसमोर बोलताना घरचे उदाहरण घ्यायला हरकत नाही. फक्त तुलना कुठे थांबते हे सांगून घ्यावे. १८७५ मध्ये बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर इंग्रज सरकारचे रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष देण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप आला आणि चौकशीसाठी सहा जणांचे आयोग बसले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग आणि सर दिनकरराव या तिघा हिंदी सदस्यांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध धरला नाही, तिघा इंग्रज सदस्यांनी धरला. तरीही एप्रिलमध्ये मल्हारराव पदच्युत झाले आणि जाहीरनाम्यात कारण दिले गेले ते गैरकारभाराचे. त्यांच्या जागी कारभार पाहण्यासाठी दिवाण म्हणून आले ते सर टी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, आधी त्रावणकोरचे आणि मग इंदूरच्या होळकरांचे दिवाण राहिलेले. मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले, तेच सयाजीराव. ते बारा वर्षांचे होते आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना पूर्ण अधिकार मिळेपर्यंत राज्य माधवरावांनी चालवले.

हा लष्करी उठाव नव्हता, बाहेरच्या सत्तेने केलेली पदच्युती होती, हा फरक आधीच मान्य करावा. मात्र तीन गोष्टी या प्रकरणात हाताशी येतात. हटवण्याचे खरे निमित्त आणि जाहीर केलेले कारण निरनिराळे असू शकते. नेमलेला माणूस शोधून आणलेला, नाणावलेला आणि स्थानिक भांडणांपासून दूरचा असतो. आणि त्याच्या मुदतीला शेवट आहे की नाही यावर बरेच काही ठरते. माधवरावांच्या बाबतीत तो शेवट राजपुत्राच्या वयाने ठरवून दिलेला होता; सुरायुद यांच्या बाबतीत तो नव्या घटनेच्या सार्वमताने आणि निवडणुकीने ठरवला, आणि १९ ऑगस्ट २००७ ला सार्वमत, २३ डिसेंबरला निवडणूक अशा क्रमाने तो पाळलाही गेला.

इतके वाचून कोणी म्हणेल की मग कागद वाचला म्हणजे झाले. इथे मराठी माणसाने थोडे थांबावे. पंतप्रधान हा शब्द आपल्याला पेशव्यांपासून परिचयाचा आहे. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव येई आणि मग प्रधानाचे. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून येत. कागदावर धनी साताऱ्यात आणि कारभारी पुण्यात होता, परंतु फौज आणि खजिना पुण्याकडे गेल्यावर वस्त्रे पाठवणाऱ्याच्या हातात वस्त्रांखेरीज फारसे उरले नाही. म्हणून कलम वाचून झाल्यावर दुसरे काम तितक्याच काळजीने करावे: संरक्षण आणि गृह ही खाती कोणाकडे आहेत, तिजोरी कोणाकडे आहे, आणि पंतप्रधानाने या खात्यांना हात लावला तर काय होते, ते पाहावे.

मी यासाठी वहीची समोरासमोरची दोन पाने घेतो आणि सहा रकाने आखतो: नेमणुकीची तारीख, सही कोणाची, काढण्याचा अधिकार कोणाचा, संरक्षण व गृह कोणाकडे, निवडणुकीची दिलेली तारीख, आणि शेवट. मालीची ओळ भरून दाखवतो, कारण ती भरताना हे रकाने कशासाठी आहेत ते आपोआप कळते.

१८ ऑगस्ट २०२० रोजी कर्नल दर्जाच्या अधिकाऱ्यांनी अध्यक्ष इब्राहिम बुबाकर केइता यांना हटवले. सप्टेंबरमध्ये निवृत्त कर्नल बा न्दाव संक्रमणकालीन अध्यक्ष झाले, परराष्ट्र सेवेतले जाणते मोक्तार वान पंतप्रधान झाले, आणि उठावाचे नेते असिमी गोइता उपाध्यक्ष झाले. पहिल्या दोन रकान्यांत ही माहिती बसते आणि चित्र बरे दिसते. चौथ्या रकान्यात लिहावे लागते की उपाध्यक्षांकडे संरक्षण आणि सुरक्षेचा कारभार होता, आणि त्या दोन्ही खात्यांचे मंत्री उठावातलेच कर्नल होते. २४ मे २०२१ रोजी नवे मंत्रिमंडळ जाहीर झाले आणि त्यात या दोघा कर्नलांची नावे नव्हती. त्याच दिवशी, काही तासांत, अध्यक्ष आणि पंतप्रधान या दोघांना धरून राजधानी बामाकोजवळच्या काती येथील लष्करी छावणीत नेण्यात आले. दोन दिवसांत दोघांचेही राजीनामे आले. शेवटचा रकाना भरला गेला तो चौथ्या रकान्यामुळे, हे वहीत डोळ्यांनी दिसते. निबंधात ते वर्णनाच्या ओघात हरवते.

लगेच खाली दुसरी ओळ घ्यावी. जून २०२१ मध्ये गोइता स्वतः अध्यक्ष झाले आणि त्यांनी शोगेल माइगा यांना पंतप्रधान नेमले. माइगा हे २०२० मध्ये केइता यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या आघाडीचे पुढारी, म्हणजे लोकांत मूळ असलेला माणूस. पाचव्या रकान्यात इथे खाडाखोड होते: आधी अठरा महिन्यांची मुदत, म्हणजे फेब्रुवारी २०२२, मग मार्च २०२४, मग निवडणूक तांत्रिक कारणांसाठी पुढे ढकलली. १६ नोव्हेंबर २०२४ रोजी माइगा यांनी आपल्या समर्थकांसमोर जाहीर तक्रार केली की संक्रमणकाळ लांबवण्याचा निर्णय पंतप्रधानाला न कळवता घेतला गेला. २० तारखेला त्यांना काढल्याचा हुकूम दूरचित्रवाणीवर वाचला गेला. दुसऱ्याच दिवशी जनरल अब्दुलाये माइगा त्यांच्या जागी आले. आडनाव तेच असल्याने वाचताना श्रोत्यांचा घोटाळा होतो. ‘आधीचे माइगा’ आणि ‘जनरल माइगा’ असे स्पष्ट म्हणावे.

नायजरची ओळ लवकर भरते. २६ जुलै २०२३ चा उठाव, ऑगस्टमध्ये अली लामिन झेन पंतप्रधान, अर्थखातेही त्यांच्याकडेच, पण संरक्षण आणि गृह ही दोन्ही खाती जनरलांकडे. देश निर्बंधांत सापडला असताना हिशेब सांभाळणारा माणूस हवा होता, तो आणला. गंमत अशी की २०१० मध्ये लष्कराने तेव्हाचे अध्यक्ष तांजा यांची सत्ता उलथवली तेव्हा झेन त्यांचे अर्थमंत्री होते. एका उठावाने खुर्ची घेतली, दुसऱ्याने दिली.

आता कुठे माणसाकडे वळावे, आणि तेही ‘तो कसा आहे’ असे न विचारता ‘तोच का’ असे विचारून. निवड हा एक संदेश असतो आणि तो कोणासाठी आहे हे शोधायचे असते. १९५७ मध्ये थायलंडमध्ये लष्करप्रमुख सरित थनारत यांनी उठाव केल्यावर पोत सारासिन यांना आणले. ते सिएटो या आग्नेय आशियाई संरक्षण संघटनेचे पहिले सरचिटणीस होते, म्हणजे संदेश अमेरिकेसाठी होता. ग्रीसमध्ये २१ एप्रिल १९६७ रोजी कर्नलांनी सत्ता घेतली तेव्हा राजा कॉन्स्टंटाइन यांना पंतप्रधानपदी गणवेशधारी नको होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य अभियोक्ता कोलियास यांना बसवले. डिसेंबरात राजाचा प्रतिउठाव फसला आणि कर्नल पापादोपुलोस स्वतः पंतप्रधान झाले. १९७६ मध्ये बँकॉकमध्ये न्यायाधीश थानिन यांना निवडले, परंतु ते इतके कर्मठ निघाले आणि लोकशाहीकडे परतण्यासाठी त्यांनी इतकी लांब, बारा वर्षांची, योजना मांडली की जेमतेम वर्षभरानंतर लष्कराने त्यांनाही दूर केले. न्यायाधीश, मुत्सद्दी, बँकेतला माणूस, निवृत्त सेनानी, जुन्या राजवटीशी फाटलेला माजी पंतप्रधान, हे साचे पुन्हा पुन्हा दिसतात. गॅबनमध्ये २०२३ साली नेमलेले रेमों न्दोंग सिमा हे यातल्या शेवटच्या साच्याचे.

याच टप्प्यावर नवा टिपणकार एका चुकीच्या वळणावर जातो. अधिकार दुसऱ्याकडे आहे हे दिसले की तो पंतप्रधानाला ‘बाहुले’ म्हणून मोकळा होतो. हा शब्द शक्यतो वापरूच नये, कारण त्यामुळे झालेले काम पाहायचे राहून जाते. फेब्रुवारी १९९१ च्या उठावानंतर थायलंडमध्ये नेमलेले आनंद पन्यारचुन यांचे उदाहरण घ्यावे (त्यांचे नाव ऐकून आमच्या मंडळात कोणीतरी हमखास ‘आपले आनंदराव’ म्हणते). परराष्ट्र सेवेतून उद्योगात आलेल्या या गृहस्थांनी वर्षभरात मूल्यवर्धित कर लागू केला, आग्नेय आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राची कल्पना पुढे रेटली, आणि एड्सविरोधी मोहीम आरोग्य खात्यापुरती न ठेवता पंतप्रधानाच्या कार्यालयातून चालवली. नेमणूक लष्कराने केली म्हणून हे काम खोटे ठरत नाही. उलट, काम चांगले झाले म्हणून उठाव योग्य ठरत नाही, हेही त्याच परिच्छेदात लिहावे. आनंद यांच्यानंतर १९९२ मध्ये उठावातलेच जनरल सुचिंदा, निवडणूक न लढवता, पंतप्रधान झाले. मे महिन्यात बँकॉकच्या रस्त्यांवर गोळीबार झाला आणि माणसे मेली, आणि मग पुन्हा आनंद यांनाच बोलावून सप्टेंबरात निवडणूक घ्यावी लागली. चांगल्या कारभाऱ्याने तात्पुरते झाकलेले दुखणे वर्षभरात बाहेर आले. माधवरावांच्या दिवाणगिरीत कमाटीबाग झाली, बडोदा कॉलेज सुरू झाले, आणि त्या बागेत आपण आजही फिरायला जातो. तरी मल्हाररावांना ज्या रीतीने काढले तिच्यावरचा आक्षेप त्यामुळे पुसला जात नाही.

शेवटच्या रकान्यासाठी वेगळी जागा राखावी. बहुतेक शेवट चार प्रकारांत मोडतात: निवडणूक होऊन पायउतार, बडतर्फी, राजीनामा, किंवा नेमणारा स्वतःच खुर्चीत बसणे. फिजीमध्ये डिसेंबर २००६ मध्ये नेमलेले लष्करी डॉक्टर सेनिलागाकाली एक महिना टिकले, मग लष्करप्रमुख बैनिमारामा स्वतः पंतप्रधान झाले. ज्यांना त्यांनी त्या डिसेंबरात हटवले होते ते लाइसेनिया करासे यांची कथा मात्र कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. २००० सालच्या धामधुमीत लष्कराच्याच पुढाकाराने हे बँकेतले गृहस्थ हंगामी पंतप्रधान झाले, पुढे पक्ष काढून २००१ ची निवडणूक जिंकले, २००६ ची पुन्हा जिंकले, आणि स्वतःच्या पायावर उभे राहिल्यावर त्यांना आणणाऱ्या लष्करप्रमुखानेच त्यांना पाडले. असा अपवाद सापडला तर तो रकान्यात कोंबू नये. समासात लिहावा आणि वाचताना त्याला पाच मिनिटे द्यावीत.

काही व्यावहारिक बाबी. नावे इंग्रजी वर्तनीवरून देवनागरीत उतरवू नयेत. फ्रेंच भाषक देशांतील नावे तर उच्चार ऐकूनच लिहावीत. पहिल्या दिवसाच्या बातमीवर टिपण उभारू नये, निदान मंत्रिमंडळाची यादी येईपर्यंत थांबावे, कारण चौथा रकाना त्या यादीतूनच भरतो. अर्ध्या तासातली दहा मिनिटे कलमांना आणि खात्यांना, दहा एका देशाला सविस्तर, आणि उरलेली तुलनेला द्यावीत. माणसाच्या चरित्राला तीन मिनिटे पुरतात. वहीतल्या तारखा शाईने लिहाव्यात, पण जो पंतप्रधान आजही पदावर आहे त्याचे पाचवा आणि सहावा हे रकाने पेन्सिलीने भरावेत आणि खोडरबर जवळ ठेवावा. माझ्या वहीत सुदानच्या ओळीत अजून त्या चौदा कलमांची चिकटवलेली प्रत आहे, तीही नंतर मिळवलेली, आणि तिच्यावर काकांच्या हाताने बारीक अक्षरात लिहिलेले आहे: ‘आता वाचली का?’